युद्धापूर्वीच्या इंग्लंडमध्ये एका विषयात नापास झालेल्या मुलाचं काय होई?

निळीशाई

एक दीर्घकथा लिहितेय. काळ १९३५, गाव लीड्स. सोळा वर्षांचा मुलगा, वडील कापडगिरणीत कामाला, मुलगा शिष्यवृत्तीवर माध्यमिक शाळेत. जुलैत शाळेची शेवटची परीक्षा देतो. इतिहास, गणित, रसायन, इंग्रजी सगळं चांगलं, फक्त फ्रेंचमध्ये नापास.

माझ्या डोक्यात आपली दहावी आहे. राहिलेला विषय घेऊन पुरवणी परीक्षेला बसायचं, सुटलं की सुटलं. तिकडे तसं होतं का? त्याला एकट्या फ्रेंचचा पेपर पुन्हा देता येईल का, आणि कधी? दुसरं म्हणजे 'मॅट्रिक' आणि 'स्कूल सर्टिफिकेट' हे दोन्ही शब्द वाचनात येतात. ती एकच परीक्षा का? आणि घरच्यांनी शाळा सोडायला लावली तर पुढे त्याला काही वाट उरते का?

पाटीपुस्तक

आधी थेट उत्तर. एकट्या फ्रेंचचा पेपर देता येत नसे. फ्रेंच गेलं म्हणजे प्रमाणपत्रच गेलं, आणि सगळे विषय पुन्हा द्यायचे. तुमच्या कथेचा सगळा ताण याच नियमात आहे, म्हणून तो नीट सांगतो.

स्कूल सर्टिफिकेट इंग्लंड आणि वेल्समध्ये पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आलं. १९१७ साली शिक्षण मंडळाने, म्हणजे तिथल्या सरकारच्या शिक्षण खात्याने, माध्यमिक शाळा परीक्षा परिषद नेमली आणि त्याआधीचा परीक्षांचा बाजार आवरला. तोवर ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या १८५८ पासूनच्या 'लोकल' परीक्षा, लंडनची मॅट्रिक, कॉलेज ऑफ प्रिसेप्टर्स या शिक्षकांच्या संस्थेची परीक्षा, शिवाय वकील, डॉक्टर, हिशेबतपासनीस यांच्या संस्थांच्या आपापल्या प्रवेशपरीक्षा, असं सगळं चालायचं. एकाच वर्गातली मुलं पाच वेगवेगळ्या अभ्यासक्रमांसाठी रखडायची. नव्या पद्धतीत दोनच परीक्षा ठेवल्या. सोळाच्या सुमारास स्कूल सर्टिफिकेट आणि अठराच्या सुमारास हायर स्कूल सर्टिफिकेट. परीक्षा घ्यायच्या मात्र विद्यापीठांशी जोडलेल्या आठ मंडळांनी, परिषदेने फक्त दर्जा सारखा राहतो की नाही ते पाहायचं.

लीड्समधल्या शाळेसाठी तुम्ही नॉर्दर्न युनिव्हर्सिटीज जॉइंट मॅट्रिक्युलेशन बोर्ड धरा. मँचेस्टर, लिव्हरपूल, लीड्स, शेफील्ड आणि बर्मिंगहॅम या विद्यापीठांचं हे संयुक्त मंडळ. कोणतं मंडळ घ्यायचं हे शाळा ठरवत असे, पण तुमच्या भागात हे साहजिक आहे.

आता विषयांचे गट. पहिल्या गटात इंग्रजी भाषा, साहित्य, इतिहास, भूगोल, बायबल. दुसऱ्यात परकीय भाषा, म्हणजे लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, जर्मन. तिसऱ्यात गणित आणि विज्ञानं. चौथ्यात चित्रकला, संगीत, सुतारकाम, गृहशास्त्र. किमान पाच विषयांत उत्तीर्ण व्हायचं, आणि पहिल्या तिन्ही गटांतून किमान एकेक विषय सुटायला हवा, तोही एकाच परीक्षेत. चौथा गट पहिल्या तिघांपैकी कोणाची जागा घेऊ शकत नसे. तुमच्या मुलाने दुसऱ्या गटातून एकटं फ्रेंच घेतलं असेल, तर इतिहासात त्याला कितीही गुण पडोत, गट दोन रिकामा राहिला आणि सगळं बुडालं.

म्हणूनच काही शाळा भाषेत कच्च्या मुलाला फ्रेंच आणि लॅटिन दोन्ही देत, एक गेली तर दुसरी हाताशी. पण फ्रेंचला डळमळणारा मुलगा लॅटिनला सावरतोच असं नाही, आणि त्या जादा भाषेच्या तासिका इतर विषयांतून कापल्या जात. तुमच्या मुलाला दुसरी भाषा देऊ नका, कथा सुटून जाईल.

गटांची ही सक्ती कोणी खाष्टपणे लादली नव्हती. १९१४ च्या सरकारी परिपत्रकात मूळ विचार आहे तो असा, की परीक्षेचं एकक सुटा विद्यार्थी नसून वर्ग आहे. साधारण बऱ्या वर्गाने आपला ठरलेला अभ्यासक्रम पुरा केला की त्यातल्या बहुतेक मुलांना ही परीक्षा सहज जमावी, आणि अभ्यासक्रमामागे परीक्षेने चालावं, परीक्षेमागे अभ्यासक्रमाने नव्हे. मला आजही हा विचार उत्तम वाटतो. तो कोलमडला तो प्रमाणपत्राला नोकरीच्या बाजारात किंमत आल्यामुळे. शाळेने मुलाला समतोल शिक्षण दिलं की नाही हे पाहणारं साधन मुलाच्या पोटापाण्याचा दाखला झालं, आणि समतोलाची अट त्याच्या पायात अडकली.

पुन्हा बसण्याबद्दल. केंब्रिज आणि ऑक्सफर्डच्या परीक्षा जुलैप्रमाणे डिसेंबरमध्येही होत. पण तुमच्या मुलाचं मंडळ वेगळं, तेव्हा कथेत पुढचा जुलै धरा, तेच स्वाभाविक. म्हणजे सप्टेंबरात पुन्हा पाचवीच्या वर्गात, आपल्याहून वर्षाने लहान मुलांबरोबर. ही त्यांची माध्यमिक शाळेतली पाचवी, सोळा वर्षांच्या मुलांची. आपली पाचवी समजू नका. उत्तीर्ण झालेले त्याचे मित्र एक तर सहावीत गेलेले, नाही तर कामाला लागलेले.

आणि वर्षभर फक्त फ्रेंच घोटून भागत नसे. इंग्रजी साहित्याला नेमलेली पुस्तकं बदलत, त्यामुळे गेल्या वर्षी पाठ केलेलं नाटक निरुपयोगी होऊन नवं वाचावं लागे. रसायन, गणित पुन्हा ताजं ठेवावं लागे. फ्रेंचमागे लागता लागता मागच्या वर्षी सुटलेला एखादा विषय या वर्षी निसटला, तर पुन्हा तेच. मागच्या वर्षीचं यश जमा राहतच नसे.

आकडेमोड

पाटीपुस्तक यांनी सांगितलंच आहे. दर्जा आणि तपासणी याबद्दल थोडी भर.

विषयाला तीन निकाल असत: नापास, उत्तीर्ण, आणि 'क्रेडिट'सह उत्तीर्ण. काही मंडळांनी वर 'व्हेरी गुड' किंवा 'डिस्टिंक्शन' ठेवलं होतं. साधं उत्तीर्ण आणि क्रेडिट यांतलं अंतर फार महत्त्वाचं, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. मॅट्रिक म्हणजे विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा. ती वेगळी. पण स्कूल सर्टिफिकेटमध्ये ठरावीक पाच विषयांत क्रेडिट मिळालं, त्यांत इंग्रजी, गणित आणि एक परकीय भाषा असली, की विद्यापीठ मॅट्रिकमधून सूट देई. लोक बोलताना यालाच 'मॅट्रिक मिळालं' म्हणत. म्हणजे स्कूल सर्टिफिकेटची एकच परीक्षा देऊन एक मुलगा नुसतं प्रमाणपत्र घेऊन येई आणि दुसरा प्रमाणपत्रासह मॅट्रिकची सूट घेऊन. कोणते पाच विषय चालतील याचे नियम विद्यापीठागणिक वेगळे.

नुकसान इथे झालं. बँका, विमा कंपन्या, मोठ्या कचेऱ्या यांना विद्यापीठाशी काही देणंघेणं नव्हतं, तरी जाहिरातीत 'मॅट्रिक हवं' लिहू लागल्या. त्यामुळे बँकेत खातेवह्या लिहायला निघालेल्या मुलालाही परकीय भाषेत क्रेडिट लागू लागलं. तुमच्या मुलाच्या वडिलांना कोणी 'फ्रेंच कशाला हवं' असं विचारलं, तर 'बँकेला हवं' हेच खरं उत्तर.

तपासणी अशी चाले. मुख्य परीक्षक उत्तरपत्रिकांचा नमुना तपासून गुणांची चौकट ठरवी, सहायक परीक्षक ती समोर ठेवून गठ्ठे तपासत, आणि सीमेवरच्या उत्तरपत्रिका पुन्हा पाहिल्या जात. मुख्याध्यापकांकडून मुलांची गुणानुक्रमे यादी आणि अपेक्षित निकाल आधीच मागवत. सीमेवरच्या मुलाबाबत त्या यादीचा उपयोग होई. म्हणून कथेत मुख्याध्यापकांनी त्याला फ्रेंचच्या यादीत तळाशी टाकलं होतं, असं दाखवलंत तर ते पद्धतीला धरून होईल, आणि मुलाला ते कधी कळणारही नाही.

हे सगळं करूनही निकाल किती डळमळीत होता, याचा पुरावा नेमका तुमच्या सालातला आहे. १९३५ मध्ये फिलिप हार्टोग आणि ई. सी. ऱ्होड्स यांनी एक पाहणी छापली. स्कूल सर्टिफिकेटच्या इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका घेतल्या, मंडळाने सगळ्यांना सारखेच मध्यम गुण दिलेल्या. त्या अनुभवी परीक्षकांकडून तपासून घेतल्या, आणि बारा ते एकोणीस महिन्यांनी त्याच परीक्षकांपैकी चौदा जणांकडे त्याच उत्तरपत्रिका पुन्हा दिल्या. एकूण २१० निर्णय. त्यांपैकी ९२ वेळा त्याच परीक्षकाने त्याच उत्तरपत्रिकेवर आपलाच निकाल बदलला. नापासचा उत्तीर्ण झाला, उत्तीर्णचा क्रेडिट झाला, किंवा उलट. शंभरात चाळिसांहून जास्त वेळा. ज्या परीक्षेत एका विषयाने सगळं प्रमाणपत्र जातं, तिथे हा आकडा भयंकर आहे.

हे हार्टोग म्हणजे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. १९२९ चा भारतातल्या शिक्षणावरचा हार्टोग समितीचा अहवाल त्यांचाच.

निळीशाई

मनापासून आभार. कथेचा मधला भाग आता पूर्ण बदलावा लागणार, आणि बरंच झालं.

अजून दोन गोष्टी. त्याची बहीण त्याच्याहून वर्षाने लहान, मुलींच्या शाळेत. गणितात कच्ची. तिचंही असंच अडेल का? आणि निकाल कळायचा कसा, त्या दिवशी घरात काय घडत असेल?

रानवाट

बहिणीसाठी वनस्पतिशास्त्र घ्या. मुलींच्या शाळांमध्ये तिसऱ्या गटाचा हाच ठरलेला विषय. पदार्थविज्ञान आणि रसायनासाठी प्रयोगशाळा, गॅसजोडणी, उपकरणं हवीत, तो खर्च अनेक मुलींच्या शाळांना झेपत नसे. वनस्पतिशास्त्राला भिंगं, काही सूक्ष्मदर्शकं, कुंड्या आणि शाळेची बाग पुरे. नियमाप्रमाणे तिसऱ्या गटातून एकच विषय सुटायला हवा, मग तो वनस्पतिशास्त्र असला तरी चालतो. म्हणजे गणितात नापास होऊनही तिला स्कूल सर्टिफिकेट मिळू शकतं, बाकीचे पाच विषय भरत असतील तर.

भावाचं फ्रेंच आणि बहिणीचं गणित, दोघांचा एकेकच विषय गेलेला, पण तिला प्रमाणपत्र आणि त्याला काहीच नाही. हे कथेत वापरा, अगदी नियमाला धरून आहे.

तिची गाठ पडते ती पुढच्या पायरीवर. मॅट्रिकमधून सूट मिळायला गणितात क्रेडिट लागे, आणि तिथे वनस्पतिशास्त्र गणिताची जागा घेत नसे. शिक्षिका व्हायचं असेल तर अध्यापन महाविद्यालयाला स्कूल सर्टिफिकेट पुरे. विद्यापीठात जायचं म्हटलं की गणित आडवं येतं. कित्येक मुलींच्या वाटा पंधराव्या वर्षी वेळापत्रक लावतानाच ठरून गेल्या, आणि त्या वेळी कोणी त्यांना हे समजावून सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

निकालाबद्दल: लेखी परीक्षा जुलैत, फ्रेंचची तोंडी परीक्षा वेगळी, बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर. फ्रेंचमधून इंग्रजीत भाषांतर, इंग्रजीतून फ्रेंचमध्ये, श्रुतलेखन आणि छोटा निबंध असं लेखीत येई. मुलं बहुधा उलट्या भाषांतरात आणि श्रुतलेखनात मार खात, कारण क्रियापदांची रूपं आणि लिंग-वचन जुळवणं कानाने ऐकून जमत नाही. निकाल उन्हाळी सुट्टीत शाळेकडे येई, आणि गावातलं वर्तमानपत्र उत्तीर्ण मुलांची नावं शाळेनुसार छापी. तेव्हा शेजाऱ्यांना आधी कळणं अगदी शक्य आहे. प्रमाणपत्रावर टक्के नसत, विषय आणि दर्जा एवढंच. त्यामुळे 'दोन गुणांनी गेला' असं घरच्यांच्या तोंडी घालू नका, त्यांना ते कळण्याची सोय नव्हती.

उत्तरध्रुव

पार्श्वभूमी सुटू नये म्हणून सांगतो. १९३५ च्या लीड्समध्ये गिरणी कामगारांची बहुतेक मुलं ही परीक्षा देतच नव्हती. १९१८ च्या कायद्याने शाळा सोडण्याचं वय १४ झालं होतं, आणि प्राथमिक शाळेतून चौदाव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांसाठी देशभराची कोणतीही शेवटची परीक्षा नव्हती. गंमत म्हणजे त्याआधी एक परीक्षा होती, पण ती लवकर सुटण्यासाठी: ठरावीक इयत्तेचं वाचन, लेखन, अंकगणित जमलं की मुलाला कामाचा दाखला मिळे आणि तो गिरणीत जाई. ती सोय १९१८ च्या कायद्याने काढली. वय १५ करायचं १ सप्टेंबर १९३९ ला ठरलं होतं, ते युद्धामुळे राहिलं.

म्हणजे तुमचा मुलगा अकराव्या वर्षीच्या परीक्षेत निवडला गेलेला, मोजक्यांतला एक. अशी जागा घेताना मुलाला ठरावीक वयापर्यंत शाळेत ठेवू अशा कागदावर पालकांची सही घेत, मध्येच काढलं तर दंड. सोळा पूर्ण झाले की ते बंधन संपतं. मग आणखी एक वर्ष ठेवायचं की नाही हा प्रश्न पूर्णपणे घरावर येतो, आणि १९३५ मध्ये उत्तर इंग्लंडच्या गिरणगावात एक कमावता हात वर्षभर थांबवणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

स्कॉटलंडचं सगळं निराळं होतं. तिथे १८८८ पासून लीव्हिंग सर्टिफिकेट, आणि ते विद्यापीठं नव्हे तर खुद्द शिक्षण खातं देई. परीक्षा वसंतात, विषयांना उच्च आणि निम्न अशा पातळ्या. सुरुवातीला विषयागणिक दाखला मिळे, मग १९०२ पासून तिथेही गटाचं प्रमाणपत्र आलं. तुमच्या मुलाचा एखादा मामा ग्लासगोत राहत असला, तर 'आमच्याकडे असं असतं' म्हणताना त्याच्या तोंडी इंग्लंडचे नियम जाऊ देऊ नका.

पाटीपुस्तक

तिसरा प्रश्न राहिला, शाळा सोडली तर.

स्कूल सर्टिफिकेट हे शाळेतल्या मुलांसाठी. शाळा सुटली की खरी वाट लंडन विद्यापीठाची मॅट्रिक. तिला शाळेची हजेरी लागत नाही, वय सोळा पूर्ण हवं, शुल्क भरा आणि बसा. जानेवारी आणि जूनमध्ये परीक्षा, लंडनबाहेरही केंद्रं. पण इथेही पाचही विषय एकाच वेळी सुटायला हवेत, आणि भाषा टाळता येत नाही. म्हणजे फ्रेंच त्याच्या मागे इथेही येणार.

तयारी टपालाने. केंब्रिजचं युनिव्हर्सिटी कॉरस्पॉन्डन्स कॉलेज विल्यम ब्रिग्ज यांनी १८८७ मध्ये याच परीक्षेसाठी काढलं होतं, ऑक्सफर्डचं वुल्झी हॉल १८९४ चं. आठवड्याचा पाठ टपालाने येतो, उत्तरं लिहून पाठवायची, तपासून परत येतात. दिवसभर काम करून रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे करायचं. टपालाने व्याकरण आणि भाषांतर सुधारतं, उच्चार आणि श्रुतलेखन सुधारत नाही, तेव्हा फ्रेंचसाठी त्याला कोणीतरी वाचून दाखवणारं लागेल. बहिणीला शाळेत फ्रेंच आहे, हे विसरू नका.

दुसरी वाट रात्रशाळेची. तंत्रशिक्षण संस्थेत संध्याकाळचे वर्ग, सिटी अँड गिल्ड्स या संस्थेच्या तांत्रिक विषयांच्या परीक्षा, किंवा १९२१ पासूनचं यंत्र अभियांत्रिकीचं नॅशनल सर्टिफिकेट. तिथे फ्रेंच कोणी विचारत नाही. मुलाचं गणित आणि रसायन चांगलं आहे म्हणता, तर कापडाच्या गावात रंगशाळेच्या प्रयोगशाळेत लागून संध्याकाळी शिकणं हे बँकेच्या गल्ल्यापेक्षा मला जास्त पटतं.

निळीशाई

शेवटचं विचारते. उत्तीर्ण झालेलेही पुन्हा बसत का? एका जुन्या आत्मचरित्रात 'तिसऱ्यांदा हायर दिली' असं आहे, आणि तो माणूस तर हुशार.

आकडेमोड

बसत, आणि हुशारच बसत. हायर स्कूल सर्टिफिकेटच्या निकालावर सरकारी शिष्यवृत्त्या मिळत. १९२० मध्ये सुरू झाल्या तेव्हा साऱ्या देशाला मिळून वर्षाला २०० होत्या, मधल्या काटकसरीत काही काळ बंदही होत्या. एवढ्या थोड्या जागांसाठी सतराव्या वर्षी उत्तीर्ण झालेला मुलगा अठराव्या आणि एकोणिसाव्या वर्षी तीच परीक्षा वरच्या गुणांसाठी पुन्हा देई. गरीब घरच्या मुलाला विद्यापीठात जायचं तर शिष्यवृत्तीशिवाय गत नव्हती.

खालच्या परीक्षेतही असं होई. प्रमाणपत्र मिळालं पण क्रेडिट कमी पडलं, की मॅट्रिकमधून सूट मिळवायला पुन्हा बसायचं.

रानवाट

आपल्याकडे या पद्धतीचे धागे दोन ठिकाणी दिसतात. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, लंडनच्या नमुन्यावर उभं, आणि त्याची मॅट्रिक १८५९ पासून. आपल्या आजोबांच्या पिढीचं 'मॅट्रिक' ते हे. दुसरा धागा केंब्रिजचा. इंग्रजी माध्यमाच्या काही शाळा सीनियर केंब्रिज देत, ती डिसेंबरमध्ये होई, उत्तरपत्रिका बोटीने केंब्रिजला जात. त्या परीक्षेची जागा घेण्यासाठी १९५८ मध्ये आपल्याकडे इंडियन स्कूल सर्टिफिकेटची परिषद स्थापन झाली.

पाटीपुस्तक

कथा पुढे युद्धानंतर जाणार असेल तर एक तारीख टिपून ठेवा. १९५१ मध्ये इंग्लंडने स्कूल सर्टिफिकेट बंद करून जनरल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन आणलं. गट गेले, विषयागणिक दाखला आला. एक विषय सुटला तरी तो तुमचा, राहिलेला पुढच्या वेळी द्या. मात्र उत्तीर्ण होण्याची पातळी जुन्या क्रेडिटइतकी वर नेली, आणि सुरुवातीला सोळा पूर्ण नसलेल्यांना बसायला बंदी केली. ती वयाची अट दोनच वर्षांत सैल करावी लागली.

तुमचा मुलगा तेव्हा बत्तीस वर्षांचा असेल. आता त्याला एकटं फ्रेंच देता येईल.